मेलेल्यास वाट, मरणाऱ्यास अटकाव

आपल्या लोकांस रस्त्यावर दुसऱ्याला वाट देतां येत नाहीं, असें म्हणण्याचा प्रघात सुशिक्षित मंडळींत पडला आहे. हें म्हणतांना एक सुस्कारा टाकावा, विलायतेंतील शिस्तीचे गोडवे गावे आणि आपली मोटार पुढें दामटावी, असा एकंदर शिष्टाचार. मला हें मत मुळांतच मान्य नाहीं. आपल्या लोकांना वाट देतां येते आणि ती उत्तम प्रकारें देतां येते. प्रेतयात्रा समोरून आली म्हणजे कितीही घाईंत असलेला मनुष्य आपलें वाहन कडेला घेतो, पायांतील वहाणा काढतो, हात जोडून क्षणभर स्तब्ध उभा राहतो. चैत्रांत खानदेशांतून सप्तशृंगीच्या गडाकडे पायीं निघालेल्या भाविकांचे जथे आमच्या देवळा-कळवणच्या रस्त्याला लागले म्हणजे एरवीं कोणासही न जुमानणारे मालमोटारवाले आपली गति आवरतात. मंत्र्यांचा ताफा यावयाचा असेल तर पाव मैलावरूनच रस्ता आरशासारखा स्वच्छ होतो. तेव्हां वाट देण्याची कला आपणांस अवगत नाहीं, हें म्हणणें खोटें आहे. प्रश्न एवढाच आहे कीं, ती आपण कोणास देतों.

उत्तर स्पष्ट आहे. आपण वाट देतों ती देवाला, मृताला आणि सत्तेला. यांपैकीं पहिल्याला घाई नसते, दुसऱ्याची घाई संपलेली असते आणि तिसऱ्याची घाई पुष्कळदां खोटी असते. ज्याची घाई शंभर टक्के खरी, असा एकच प्रवासी रस्त्यावर असतो. तो म्हणजे मागून भोंगा वाजवीत येणाऱ्या रुग्णवाहिकेंत निजलेला मनुष्य. आणि नेमकी त्यालाच वाट द्यावयाची वेळ आली कीं, आपल्याला रस्ता अरुंद आहे याची आठवण होते. मेलेल्यास वाट आणि मरणाऱ्यास अटकाव, असा हा आपला उफराटा न्याय आहे. आणि त्या न्यायाविरुद्ध चार शब्द स्पष्ट बोलावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हा विषय मोठ्या शहरांतला आहे, चौकांतल्या कोंडीचा आहे, तालुक्याच्या गांवीं राहणाऱ्याला त्याचें काय, असें कोणी म्हणेल. त्यानें देवळ्याचें स्थान नकाशावर पाहावें. विंचूर-प्रकाशा रस्ता या गांवांतून जातो. मालेगांवाहून कळवणकडे जाणारी वाहतूक येथूनच जाते. गांवांत ग्रामीण रुग्णालय आहे, आणि तेथें प्रथमोपचार होतात. परंतु डोक्याला जबर मार बसलेला किंवा छातीच्या कळेनें कासावीस झालेला रोगी बहुधा मालेगांवास, नाहींतर थेट नाशिकास न्यावा लागतो. नाशिक येथून ऐंशी किलोमीटरांच्या घरांत आहे. मध्यें भावडबारीचा घाट आहे, पुढें मुंबई-आग्रा महामार्गाची गर्दी आहे. ताशीं पन्नास किलोमीटरांचा वेग अखंड राहिला, तरी दीड तासाहून अधिक वेळ वाटेंतच जातो. वैद्यकशास्त्र सांगतें कीं, जबर जखमी झालेल्या मनुष्याचा पहिला तास त्याच्या जगण्यामरण्याचा निकाल लावणारा असतो. आपल्या मोटार वाहन कायद्यांतही या तासाची व्याख्या घातलेली आहे. शहरांतल्या रोग्याला त्या तासांतील कांहीं मिनिटें गमावूनही कदाचित् जगतां येईल. आमच्याकडील रोग्याचा तो तास अंतरानें आधींच खाल्लेला असतो. म्हणून उमराण्याच्या कांद्याच्या बाजाराकडे निघालेल्या ट्रॅक्टरांच्या रांगेमागें रुग्णवाहिका पांच मिनिटें अडकून पडली, तर तीं पांच मिनिटें त्याच्या शिल्लक राहिलेल्या पुंजींतून जातात. वाट सोडण्याची गरज मुंबईला जेवढी आहे त्याहून अधिक देवळ्याला आहे.

आणि देवळेकरांना हें पुस्तकांतून शिकण्याची आवश्यकता नाहीं. २८ जानेवारी २०२० रोजीं देवळा तालुक्यांत मेशी फाट्याजवळ मालेगांव रस्त्यावर धुळ्याहून कळवणला जाणारी एस. टी. बस आणि प्रवासी रिक्षा यांची टक्कर झाली आणि दोन्ही वाहनें रस्त्याकडेच्या विहिरींत कोसळलीं. पंचवीसांहून अधिक माणसें गेलीं. त्या दुपारीं प्रथम धांवले ते आसपासचे गांवकरी. ज्यांना आपण ‘अडाणी गर्दी’ म्हणतों, त्याच गर्दीनें विहिरींतून माणसें वर काढलीं. पुढें बस उचलण्यास यंत्र लागलें, विहिरीचें पाणी उपसावें लागलें आणि काम रात्रीपर्यंत चाललें. त्या दिवशीं तेथें कोणी वाट अडविली असें सुचविण्याचा माझा मुळींच उद्देश नाहीं. मला दाखवावयाचें आहे तें दुसरेंच. अशा प्रसंगीं हातांनीं करतां येण्याजोगें जें आहे, तें गांवकरी करतात. परंतु क्रेन, पंप, रुग्णवाहिका, डॉक्टर हीं सर्व बाहेरून, रस्त्यानें यावीं लागतात. तो रस्ता मोकळा ठेवणें हें विहिरींत उतरण्याइतकेंच बचावाचें काम आहे. फरक इतकाच कीं, विहिरींत उतरणाऱ्याचें शौर्य सर्वांना दिसतें, आणि दोन मैलांवर आपली मोटार मुकाट्यानें कडेला घेणाऱ्याचें कोणासच दिसत नाहीं. ज्या कर्तव्याला प्रेक्षक नाहीं तें करण्याची आपल्याला संवय नाहीं, हें या रोगाचें पहिलें निदान.

दुसरें निदान अधिक खोल आहे. वाट कोणी कोणास द्यावी हा प्रश्न आपल्या पूर्वजांनाही पडला होता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत ज्यांना वाट द्यावी अशांची एक यादीच आहे. तींत गाडींत बसलेला आहे, नव्वदी ओलांडलेला वृद्ध आहे, रोगी आहे, ओझें वाहणारा आहे, स्त्री आहे, वर आहे. येथवर वाचून आपल्या प्राचीन संस्कृतीच्या अभिमान्यांची छाती फुगेल. परंतु त्यांनीं पुढचा श्लोकही वाचावा. ही सर्व मंडळी एकाच वेळीं समोरासमोर आलीं तर मान कोणाचा, तर स्नातकाचा आणि राजाचा. आणि त्या दोघांतही राजानें स्नातकाला मान द्यावा! म्हणजे रोग्याला वाट आहे, पण मोठा माणूस आडवा येईपर्यंतच. गरज मान्य आहे, पण दर्जा तिच्या डोक्यावर बसलेला आहे. ग्रंथ जुना झाला. वृत्ति जुनी झाली नाहीं. आज रस्त्यावर ट्रक मोटारीला दाबतो, मोटार दुचाकीला, दुचाकी सायकलवाल्याला आणि सायकलवाला पायीं चालणाऱ्याला. या उतरंडींत रुग्णवाहिकेला कोठें बसवावें तें आपल्याला कळत नाहीं. कारण ती दर्जानें चालत नाहीं, गरजेनें चालते.

ही उतरंड उलथून टाकण्याचें काम युरोपांत रणांगणावर झालें. फ्रेंच सैन्यांतील शस्त्रवैद्य दोमिनिक लारे यानें १७९२ च्या सुमारास पाहिलें कीं, जखमी शिपाई लढाई संपेपर्यंत जागेवरच तळमळत पडतात आणि मदत पोंचते तेव्हां पुष्कळांस तिचा उपयोग उरलेला नसतो. त्यानें हलक्या, वेगवान घोडागाड्या तयार करविल्या; त्यांना ‘उडत्या रुग्णवाहिका’ असें नांव पडलें. परंतु गाड्यांहून मोठी होती ती त्याची शिस्त. ज्याची जखम अधिक प्राणघातक त्याच्यावर आधीं उपचार, मग तो सेनापति असो वा साधा शिपाई. आजच्या रुग्णवाहिकेच्या भोंग्याचा अर्थ नेमका हाच आहे. ‘माझ्या पोटांत कोण आहे तें विचारूं नका, त्याला किती वेळ उरला आहे तेवढें ध्यानांत घ्या,’ असें तो ओरडून सांगत असतो.

आमच्या सरकारनेंही हें तत्त्व एकदां मान्य केलें. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या व अधिकाऱ्यांच्या मोटारींवरील लाल दिवे उतरविण्यांत आले आणि दिव्याचा मान रुग्णवाहिका, अग्निशामक बंब, पोलीस अशा तातडीच्या वाहनांपुरता राखण्यांत आला. दिवे उतरले हें चांगलें झालें. परंतु दिव्याकडे पाहण्याची आपली दृष्टि उतरली नाहीं. वर्षानुवर्षें लाल दिवा पाहून आपण बाजूला झालों तें भयानें; आतां ज्या दिव्यामागें भय नाहीं, त्याच्यासाठीं बाजूला होण्याचें कारण आपल्याला सांपडत नाहीं.

वाट न सोडणाऱ्यांपाशीं सबबींची वाण नाहीं. त्यांतील तीन विशेष लोकप्रिय आहेत. त्यांचा समाचार घेणें प्राप्त आहे.

पहिली सबब अशी कीं, वाट द्यावी कशी? पुढें गाडी, बाजूला गाडी, सरकावयास तसूभर जागा नाहीं. ही सबब खरी असते, पण ती तीस सेकंद उशिरा सांगितलेली असते. रुग्णवाहिका पाठीशीं येऊन थडकली म्हणजे जागा नसते हें खरें. परंतु ती तशी थडकेपर्यंत पुढच्या गाडीला नाक लावून उभें राहण्यास कोणी सांगितलें होतें? जर्मनींत नियम असा आहे कीं, मोठ्या रस्त्यावर वाहनें मंदावूं लागलीं कीं, भोंगा ऐकूं येण्याची वाट न पाहतां, अगदी डावीकडच्या रांगेनें डावीकडे व बाकीच्यांनीं उजवीकडे सरकून मधोमध एक गल्ली मोकळी ठेवावयाची. त्यांचे रस्ते रबराचे नाहींत; त्यांची जागाही आपल्यासारखीच मोजकी आहे. परंतु त्यांनीं ती आधीं राखून ठेवली आहे. आपल्याकडील दुपदरी रस्त्याला याहूनही सोपी रीत पुरते. आरशांत दिवा दिसला किंवा भोंगा कानीं आला कीं डाव्या बाजूचा दिवा लावावा, वेग बेताबेतानें कमी करावा, डावीकडे पार कडेला जाऊन थांबावें आणि मागची सर्व तातडीचीं वाहनें निघून गेल्यावरच पुन्हां रस्त्यावर यावें. घाबरून जागच्या जागीं कचकन् ब्रेक दाबूं नये, वळणावर किंवा घाटाच्या कड्याशीं थांबूं नये, उजवीकडे तर कधींच जाऊं नये, कारण तिकडूनच ती येणार. समोरून येणाऱ्यानेंही कडेला थांबावें. एवढ्या या चार गोष्टी. चारित्र्याची थोर उंची त्यांस लागत नाहीं. आरशांत पाहण्याची संवय मात्र लागते.

दुसरी सबब अधिक चतुर आहे. ‘अहो, त्या रुग्णवाहिका पुष्कळदां रिकाम्याच असतात, चालकाला चहाची घाई असते म्हणून भोंगा वाजवितो!’ भोंग्याचा दुरुपयोग होतो हें मला नाकारावयाचें नाहीं, आणि जो करतो त्याला शासन झालें पाहिजे, कारण तो उद्यांच्या खऱ्या रोग्याची वाट आज बंद करीत असतो. परंतु रिकामी रुग्णवाहिका म्हणजे निरुद्योगी रुग्णवाहिका, हें तर्कशास्त्र कोठलें? रोग्याला आणावयास जाणारी रुग्णवाहिका रिकामीच असावयाची! विहिरीला निघालेल्या घागरींत पाणी नाहीं म्हणून तिला अडविणाऱ्यास आपण काय म्हणूं? शिवाय या व्यवहारांतील नफातोटा पाहा. शंभरांतील एक भोंगा खोटा असेल आणि आपण वाट दिली, तर आपलें नुकसान अर्ध्या मिनिटाचें. एक भोंगा खरा असेल आणि आपण वाट अडविली, तर दुसऱ्याचें नुकसान जन्माचें. या दोन पारड्यांची तुलना करण्यास गणिताची पदवी लागत नाहीं. काचेआड बसून पाठीमागच्या गाडींत कोण आहे याचा न्यायनिवाडा करण्याचा अधिकार कोणी कोणाला दिलेला नाहीं.

तिसरी सबब पोलिसांची. ‘अपघातग्रस्ताला हात लावला कीं चौकशीचें झेंगट पाठीशीं लागतें, त्यापेक्षां पाहिलें न पाहिलें करावें.’ एके काळीं या भीतींत तथ्य होतें. आज ती भीति म्हणजे अज्ञान आहे, आणि सुशिक्षितांच्या तोंडीं तें अज्ञान शोभत नाहीं. जखमी मनुष्यावर तात्काळ उपचार करणें हें सरकारी वा खासगी प्रत्येक डॉक्टरचें कर्तव्य असल्याचें सर्वोच्च न्यायालयानें १९८९ मध्येंच सांगितलें. मदत करणाऱ्याला त्रास होऊं नये म्हणून आंखलेले नियम त्याच न्यायालयानें ३० मार्च २०१६ रोजीं बंधनकारक केले. २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत कलम १३४ ए आलें. सद्भावनेनें मदत करणाऱ्याला दिवाणी वा फौजदारी जबाबदारींतून त्यानें संरक्षण दिलें, आणि त्याखालील नियमांनुसार आपलें नांव-गांव सांगण्याचीही सक्ति त्याच्यावर करतां येत नाहीं. मे २०२५ पासून तर अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरतां मिळण्याची योजना लागू झाली आहे, आणि मदत करणाऱ्यास पंचवीस हजारांचें बक्षीसही देऊं केलें आहे. माणसानें माणसाला उचलावें म्हणून सरकारला बक्षीस लावावें लागतें, यांत लाज सरकारची नव्हे, आपली आहे.

सबबी संपल्या, आतां अपराध. वाट अडविणाऱ्याहूनही मला अधिक तिटकारा येतो तो एका विशिष्ट जातीच्या मोटारवाल्याचा. हा वाट देतो, अगदी तत्परतेनें देतो आणि रुग्णवाहिका पुढें जातांच तिच्या शेपटाला चिकटून सुसाट निघतो. इतरांनीं रोग्यासाठीं सोडलेली वाट हा गृहस्थ आपल्या कामासाठीं वापरतो. प्रेतावरच्या फुलांचा हार उचलून आपल्या गळ्यांत घालणारा आणि हा, यांत मला फरक दिसत नाहीं. शिवाय मागोमाग दुसरी रुग्णवाहिका किंवा बंब येत असला तर त्याच्या आड हाच येतो, आणि पुढील वाहनाला एकाएकीं थांबावें लागलें तर त्यावर जाऊन आदळणाराही हाच असतो.

दुसरा अपराधी म्हणजे बघ्या. अपघात दिसला कीं हा आपली दुचाकी रस्त्यांतच लावतो, खिशांतून फोन काढतो आणि १०८ फिरविण्याऐवजीं चित्रें घेऊं लागतो. या क्रमांकावर महाराष्ट्रांत २०१४ पासून विनामूल्य रुग्णवाहिका मिळते. पण ती येणार कोठून, तर बघ्यांनीं लावलेल्या दुचाक्यांच्या गराड्यांतून! अपघातस्थळीं ज्याला कांहीं करतां येतें त्यानेंच थांबावें. थांबणाऱ्यानें आपलें वाहन अपघाताच्या पुढें, रस्ता सोडून उभें करावें. एकानें १०८ ला फोन करून गांव, फाटा, किलोमीटरचा दगड अशी नेमकी खूण सांगावी. दुसऱ्यानें मागें जाऊन येणाऱ्या वाहनांना इशारा द्यावा. जखमीला ओढूं नये, त्याची मान वळवूं नये, तोंडांत पाणी ओतूं नये. आग लागण्याचा वा बुडण्याचा धोका असेल तरच हलवावें. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानें घट्ट दाबून धरावें. बाकीच्यांनीं आपल्या वाटेनें, मंद गतीनें, निघून जावें. तें निघून जाणेंही मदतच आहे.

तिसरा अपराध इतका नित्याचा आहे कीं तो अपराध वाटतच नाहीं. रस्त्यांत मालमोटार बिघडली कीं तिच्याभोंवतीं दगड मांडावयाचे, मागें झाडाची फांदी खोंचावयाची, आणि गाडी दुरुस्त झाली कीं निघून जावयाचें, दगड जागेवरच! त्या दगडांवर रात्रीं कोणी दुचाकीस्वार आपटतो, आणि त्याला नेणाऱ्या रुग्णवाहिकेला मार्ग काढावा लागतो तो पुन्हां असल्याच दगडांतून. प्रकाश परावर्तित करणारा त्रिकोण कांहीं फार महाग नसतो, आणि स्वतः मांडलेले दगड उचलण्यास तर कांहींच खर्च येत नाहीं. ट्रॅक्टरच्या मागें कांदा भरून रात्रीं निघणाऱ्यानें ट्रॉलीला लाल परावर्तक लावला नाहीं, तर तोही याच पंक्तीचा मानकरी आहे. उलट बाजूनें, कडेला उभें वाहन, पोलीस किंवा पडलेली माणसें दिसलीं कीं वेग कमी करून जागा सोडून जावें, हें जाणाऱ्याचेंही काम आहे. अमेरिकेंत दक्षिण कॅरोलिना राज्यानें १९९६ मध्यें याचा कायदा केला आणि पुढें सर्व पन्नास राज्यांनीं तो केला, कारण मदतीला थांबलेल्यांनाच येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या चिरडीत असत.

‘मग कायदा करा, दंड वाढवा,’ हें आपलें ठराविक उत्तर. कायदा झालेला आहे. कलम १९४ ई अन्वयें तातडीच्या वाहनाला वाट न देणाऱ्यास दहा हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊं शकतात. परंतु भावडबारीच्या वळणावर पोलीस उभा नसतो, आणि तेथें जो निर्णय व्हावयाचा तो चालकाच्या मनांतच व्हावयाचा. म्हणून माझा रोख पोलिसांवर नाहीं, सुशिक्षित कुटुंबांवर आहे. मोटारी आपल्या आहेत, मुलांच्या हातीं दुचाकी आपण देतों, परवाना मिळाला कीं पेढे आपण वांटतों. त्या मुलानें आठाचा आंकडा काढून दाखविला म्हणजे त्याला वाहन चालवितां येतें, असें आपण समजतों. त्याला एकच प्रश्न विचारावा: मागून भोंगा आला तर तूं काय करशील? उत्तर अडखळत आलें, तर किल्ली परत घ्यावी. शाळेंत नागरिकशास्त्राचे धडे आहेत. पण मूल वाट सोडावयास शिकतें तें बापाच्या मागच्या आसनावर बसून. बाप रुग्णवाहिकेमागें गाडी पळवितो तेव्हां मुलाचा एक धडा पक्का होतो, आणि पुढें कितीही पुस्तकें वाचलीं तरी तो पुसला जात नाहीं.

वाट सोडणें हें दान नव्हे. दान देणाऱ्याला आभाराची अपेक्षा करतां येते, आणि नाकारण्याचीही मुभा असते. येथें दोन्ही नाहींत. ज्या क्षणीं भोंगा वाजतो त्या क्षणीं रस्त्याचा तेवढा पट्टा त्या रोग्याच्या मालकीचा होतो. आपण त्यावर उभे असलों तर परक्याच्या जागेंत उभे आहों. आज तो परका आहे. देवळ्याहून नाशिकचा रस्ता ऐंशी किलोमीटरांचा आहे आणि त्यावरून केव्हां ना केव्हां आपल्यापैकीं प्रत्येकाच्या घरचें कोणीतरी निजून जावयाचें आहे. त्या दिवशीं पुढच्या मोटारींत बसलेला गृहस्थ आपण त्याला जें शिकविलें तेंच करील.